समोर बसणारा माणूस

म्हशीने लाथ मारली ती दिवाळीच्या सुमारास, आणि त्यात तिचा दोष नव्हता. तिच्या सडाला गळू झाले होते आणि मी ते दाबून पाहत होतो. खूर डाव्या भुवईवर बसला. काही वेळ मी बेशुद्ध होतो; नंतर टाके पडले आणि तिसगावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात मी पुन्हा कामाला लागलो. आवाज सुरू झाला तो त्यानंतर काही आठवड्यांनी.

डाव्या कानामागे, आत कुठेतरी, कोणी सुपाने धान्य पाखडत असावे तसा तो आवाज होता. नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर एकदा. भरल्या घरात कदाचित तो ऐकूही आला नसता. माझ्या घरात पत्नी गेल्यापासून दुसरा आवाजच नव्हता. मी स्वतःचा स्टेथोस्कोप कानामागे लावून पाहिला, पण ज्या कानांत आवाज आधीच भरलेला आहे त्यांची साक्ष निरुपयोगी असते. पडताळ्यासाठी दुसऱ्याचे कान हवे होते.

पुढे डावा डोळा लाल झाला आणि थोडा बाहेर आला. नगरच्या डॉक्टरांनी थेंब दिले. थेंब संपत गेले, लाली तशीच राहिली. गावाने मात्र निदान पहिल्याच दिवशी केले होते : साहेबांचे डोळे आलेत. आणि डोळे आलेल्या माणसाच्या डोळ्यांत पाहिले की आपलेही येतात, ही आमच्याकडची ठाम समजूत. संसर्ग हातांनी आणि रुमालांनी पसरतो, नजरेने नाही, हे मी दवाखान्यात अनेकदा सांगितले. लोकांनी ते जमिनीकडे पाहत ऐकून घेतले. आमचा ड्रेसर गहिनीनाथ माझ्या सदऱ्याच्या दुसऱ्या बटणाशी बोलू लागला. दुष्काळामुळे उघडलेल्या गुरांच्या छावणीतली जनावरे तेवढी माझ्याकडे सरळ पाहत.

वर्ष असेच गेले. दिसणे अंधुक होऊ लागले तेव्हा पुण्याला मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे काम करणाऱ्या एका सर्जनांची वेळ घेतली.

त्यांनी प्रथम काही विचारले नाही. खुर्ची पुढे ओढून माझ्या डोळ्यात पाहत राहिले. वर्षभरात इतका वेळ तिथे पाहणारा हा पहिला माणूस. मग लाथेपासून सगळी हकीकत क्रमाने विचारली. बोटे मोजायला लावली, हातापायांची ताकद पाहिली, गुडघ्यावर हातोडी मारली. शेवटी मिटलेल्या पापणीवर स्टेथोस्कोप टेकवून ते बराच वेळ थांबले.

“मलाही ऐकू येतोय,” ते म्हणाले.

मला त्या क्षणी जे वाटले ते वैज्ञानिक समाधान होते, असे मी स्वतःला सांगितले.

दुसऱ्या दिवशी मानेतल्या धमनीत सुई घालून औषध सोडले आणि डोक्याचे क्ष-किरण फोटो घेतले. अर्ध्या चेहऱ्यावर कढत पाणी ओतल्यासारखे वाटेल, असे त्यांनी आधीच बजावले होते, तसेच वाटले. फोटोत दिसले ते असे : डोळ्यामागे धमनी चिरली होती, आणि पाटाचे पाणी फुटून शेजारच्या चारीत शिरावे तसे तिचे रक्त थेट शिरेत घुसत होते. आवाज त्या प्रवाहाचा. असेच राहिले तर डोळा जाणार होता. मानेतली धमनी बांधून टाकता येत होती, पण त्यात उजवे अंग आणि वाचा जाण्याचा धोका होता.

त्याआधी एक साधा उपाय करून पाहण्यासारखा होता. डावीकडची धमनी बोटांनी दाबून धरायची, दिवसातून अनेकदा, काही क्षण. प्रवाह मंदावला तर चिरेपाशी रक्त गोठते आणि भगदाड कधीकधी आपोआप बुजते. दाबायचे मात्र उजव्याच हाताने. मेंदूच्या डाव्या भागाला रक्त कमी पडले, तर आधी उजवा हातच लुळा पडेल आणि दाब सुटेल. चूक झाली तर ती स्वतःच थांबेल अशी ही रचना मला मनापासून आवडली. त्यांनी माझ्याकडून ते समोर करून घेतले. आवाज थांबला. बोटे उचलताच परत आला.

“एक अट,” ते म्हणाले. “प्रत्येक वेळी समोर कुणीतरी बसलेलं पाहिजे. तोंड वाकडं झालं, जीभ अडखळली, भोवळ आली, तर ते तुम्हाला कळणार नाही. समोरच्याला कळेल. कोण बसेल?”

मी म्हणालो, व्यवस्था करीन.

“व्यवस्था नको. माणूस सांगा.”

कोण ते गावी गेल्यावर ठरवतो, असे मी म्हणालो. तीन महिन्यांनी या, ते म्हणाले. तोवर आवाज थांबला नाही तर धमनी बांधावी लागेल.

तिसगावला परतल्यावर मी गहिनीनाथला विनंती केली. तो नाही म्हणाला नाही. समोर बसला, पण तोंड भिंतीवरच्या कॅलेंडरकडे करून. असे दोन दिवस चालल्यावर मी त्याला मोकळे केले आणि स्वतःपुरती एक युक्ती काढली. दवाखान्यातली गाईच्या गळ्यातली एक पितळी घंटा उजव्या मनगटाला बांधली. हात गळून पडला की ती वाजणार. वाजल्यावर ती ऐकायची कुणी, याचे उत्तर त्या युक्तीत नव्हते. तरीही मी ओसरीवर बसून दाबत राहिलो, आणि दर वेळी हात खाली घेताना घंटा वाजत राहिली.

चौथ्या-पाचव्या दिवशी शेजारचा नूरमहंमद कुंपणापाशी येऊन उभा राहिला. तो पिंजारी, गाद्या-रजया भरणारा. त्या दुष्काळी साली गादी भरून घेणारे कोणी नव्हते, तेव्हा त्याला वेळच वेळ होता. त्याने आधी अंगण पाहिले, मग गोठ्याची रिकामी जागा, आणि शेवटी माझी चप्पल.

“डाक्टरसायेब, गाय घेतली का काय?”

“नाही.”

“मंग घंटा कुनाच्या गळ्यात हाय?”

मी मनगट वर केले. त्याचे समाधान होईना, म्हणून सगळे सांगितले. धमनी, चीर, हात, अट.

“म्हंजे कुनीतरी नुसतं बगायचं?”

“एवढंच.”

“डोळ्यात?”

“चेहऱ्याकडे. डोळा चेहऱ्यातच आहे.”

तो विचारून येतो म्हणून गेला. भिंतीपलीकडे त्याच्या बायकोचा, मुबारकबीचा, आवाज बराच वेळ चढा होता. घरातल्या पोरांचे डोळे हा तिचा मुद्दा असावा. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला आणि समोर बसला. मान किंचित तिरपी, एक डोळा बारीक. त्याच्या मते अर्ध्या नजरेने अर्धाच रोग लागतो. मी बोटे धमनीवर ठेवली.

आठवड्याभरात त्याची मान सरळ झाली, कारण त्याचे डोळे आले नव्हते. पुराव्याने मत बदलणारा माणूस मी त्या गावात प्रथमच पाहत होतो. तसे मी म्हणालो, तर तो म्हणाला, “पुरावा कसला आलाय, तिरपी मान करून करून मानच धरली.” तो दिवसातून पाच-सहा वेळा येई. छावणीतल्या पेंडीबद्दल, खडी फोडायला गेलेल्या मेहुण्याबद्दल बोलत राही आणि मधेच सांगे, तोंड शाबूत हाय, चालू द्या. एकदा मी त्याला कान लावायला सांगितले. त्याने माझ्या कानामागे कान टेकवला, श्वास रोखला.

“ढिली तात हाय,” तो म्हणाला. कापूस पिंजायच्या धनुकलीला बांधलेल्या दोरीचे ते नाव. त्यानंतर रोज सकाळी कान लावणे हे त्याने आपणहून कामात धरले. तात कधी जास्त ढिली असे, कधी कमी.

संक्रांत झाल्यावर एका पहाटे मला जाग आली ती कशाने, ते कळेना. बाहेर कावळे होते. लांब कुठेतरी रहाट कुरकुरत होता. ते सगळे संपूर्ण ऐकू येत होते, मधे काहीही नव्हते. मी पडून राहिलो. आरशात पाहिले तर डोळ्याची लाली उतरणीला लागलेली. उपाय लागू पडला असेल. डोळा वाचणार, धमनी बांधावी लागणार नाही. आता समोर कोणी बसण्याचेही कारण उरत नव्हते. मात्र हे माझ्याच कानांचे म्हणणे होते, आणि पडताळ्याला दुसरे कान लागतात.

नूरमहंमद नेहमीच्या वेळी आला. मी त्याला काही सांगितले नाही. निरीक्षकाला अपेक्षित उत्तर आधी सांगायचे नसते. त्याने कान टेकवला. या वेळी त्याने श्वास नेहमीपेक्षा जास्त रोखला. एकदा कान उचलून पुन्हा लावला. मग मागे सरून माझ्या डोळ्यात सरळ पाहिले. दोन्ही डोळ्यांनी, मान न वळवता.

“हाय,” तो म्हणाला. “बारीक हाय, पन हाय.”

पुण्याची तारीख पुढच्या महिन्यात होती. तिथे स्टेथोस्कोप लागणार होताच. तोवर दुसऱ्या साक्षीदाराचे म्हणणे खोडून काढायला माझ्याकडे पुरेसा आधार नव्हता.

मी घंटा मनगटाला बांधली. तो समोर बसला.