चौकटीवरचा शक

अकोल्याच्या इतिहास मंडळाचा सगळा संग्रह शाळेच्या एका कपाटात मावत होता, आणि त्या कपाटाची किल्ली मोरोपंतांच्या जानव्याला असे. मोरोपंत शाळेत संस्कृत शिकवत आणि मंडळाचे चिटणीस होते. सुटी लागली की पार पातूरपर्यंत हिंडायचं, शेतात सापडलेली नाणी नि भंगलेल्या मूर्ती मागून आणायच्या, हाच त्यांचा नाद. मंडळाला जागा हवी होती. त्यांच्या डोळ्यांसमोर एकच घर होतं, मोर्णेकाठचं चंद्रभान पाटलांचं. सागवानी खांब, कोरीव सज्जा आणि मधल्या खोलीत धान्याचं खोल पेव. पाटील स्वतः तेल्हाऱ्याला शेतीवर राहत. घर कुलपात होतं. मोरोपंत किती वेळा तेल्हाऱ्याला गेले. पाटील चहा पाजत, "पाहू, मास्तर" म्हणत आणि वाटेला लावत.

अशात उत्तमराव वकील अमरावतीहून अकोल्यात आले आणि मंडळाचे सभासद झाले. मूळचे तेल्हाऱ्याकडचेच, कुणब्याच्या घरातले. एका रविवारी ते पाटलांकडे गेले, जेवले आणि संध्याकाळी घराची किल्ली घेऊन परतले.

"काय सांगितलंत त्यांना?" मोरोपंतांनी विचारलं.

"काई नाई. त्याइचं ऐकून घेतलं," उत्तमराव हसले.

पाटलांनी सांगितलेली हकिकत अशी होती : पेंढाऱ्यांची धाड आली तेव्हा त्यांच्या पणजीनं, मनकर्णाबाईनं, पेठेतल्या लेकीसुनांना त्या पेवात लपवलं आणि स्वतः विळा घेऊन दारात बसली. उत्तमराव ही हकिकत अशी रंगवून सांगत की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. गावभर तीच चर्चा झाली. जठारपेठेतले दुकानदार आता मोरोपंतांना थांबवून विचारत, "वकीलसाहेबांचं मंडळ कधी उघडतं?"

वकीलसाहेबांचं! मोरोपंतांना घास गोड लागेना. "अहो, घर मिळालं ना? तुमचंच तर काम झालं," रमाबाई म्हणाल्या. त्यावर ते पानावरून उठले.

दिवाळीआधी घराची साफसफाई निघाली. दुपारी एकटेच असताना मोरोपंत दाराच्या चौकटीवरचे रंगाचे जुने थर खरवडत होते. चौकटीवर कोरलेल्या गणपतीच्या खाली अक्षरं दिसू लागली. त्यांनी ओल्या फडक्यानं पुसलं आणि वाचलं : शके सतराशे बासष्ट. पेंढारी संपून तोवर वीसेक वर्षं लोटली होती. धाडीच्या वेळी हे घरच उभं नव्हतं!

एरवी असा शोध लागता तर ते धावत सभासदांकडे गेले असते. या वेळी त्यांनी पाटावरून उतरून दार लावून घेतलं आणि अक्षरांवर चुना फासला. कित्येक महिन्यांत त्या रात्री त्यांना पहिल्यांदा शांत झोप लागली.

उद्घाटनाला डेप्युटी कमिशनर साहेब आले. अंगणात मांडव, पुढच्या खुर्चीवर नवा फेटा बांधलेले चंद्रभान पाटील. उत्तमरावांनी मनकर्णाबाईची हकिकत सांगितली तेव्हा पाटलांनी उपरण्यानं डोळे टिपले. टाळ्या थांबेनात. मोरोपंतांकडे आभाराचं काम होतं. ते उठले, ओलं फडकं घेऊन चौकटीशी गेले, चुना पुसला आणि शक मोठ्यानं वाचून दाखवला. मग शांतपणे म्हणाले, "इतिहासात भावुकतेला जागा नसते. वकीलसाहेबांनी सांगितलेली घटना या घरात घडणं शक्यच नाही."

मोरोपंत उत्तमरावांचा चेहरा पाहत होते. तो उतरलेला पाहायला ते कधीपासून आसुसले होते. पण उत्तमराव पाटलांकडे पाहत होते.

पाटील उभे राहिले. "मास्तर, माही आजी मरताना हेच सांगून गेली मले. तुमी तिले सायबापुढं खोटी पाडून राहिले?" त्यांनी टेबलावरची किल्ली उचलली आणि पायात जोडे न घालताच मांडवाबाहेर पडले.

माणसं पांगल्यावर उत्तमराव जवळ आले. "हे तुमाले कधी समजलं?"

"दिवाळीआधी."

"मंग मले काहून नाई सांगतलं? आपुन पाटलाले घरी जाऊन समजावलं असतं. दुसऱ्या घरात झालं असंन, पन झालं असंन."



उन्हाळ्यात ते घर एका व्यापाऱ्याकडे गेलं. त्यानं सज्जा उतरवला आणि आत सरकीची पोती रचली. नाणी नि मूर्ती शाळेच्या कपाटातच राहिल्या. उत्तमराव मात्र बैठकीला येत आणि मोरोपंतांना पूर्वीसारखंच "गुरुजी" म्हणत.

पुढे एकदा बाजारात चंद्रभान पाटील समोर आले. मोरोपंत वाट बदलणार तोच ते बोलले, "घर मी देनार व्हतो, मास्तर. त्या दिसानंतर वकील दोनदा आला माह्याकडं. मी म्हनलं, त्या मास्तरले मंडळातून काढ, उद्या किल्ली घे. तो म्हने, मंडळ त्याइनंच उभं केलं, त्याइच्याबिगर घर नको."

पाटील निघून गेले. मोरोपंत सरकी भरलेल्या बैलगाड्यांमधून चालत राहिले. आपली लाज वाटायला हवी, हे त्यांना कळत होतं, थोडी वाटलीही. पण तिच्याही वर काही चढत होतं, तेच जुनं, घशाशी जळजळणारं. एवढा मोठेपणा करायचा होता, तोही त्यानंच करावा?

घरी आल्यावर रमाबाईंनी विचारलं, "कोण भेटलं?"

"कुणी नाही," ते म्हणाले, आणि हातपाय धुवायला गेले.