व्यासपीठावर दोन मिनिटं

आमचे हे, राजवर्धन, फौजेत हवालदार होते. जीप दरीत गेली, पाठीचा कणा मोडला आणि कमरेखालचं सगळं बधिर झालं, त्याला आता सहा वर्षं झाली. पाय गेले, ऐट काही गेली नाही. खुर्चीतसुद्धा छाती पुढं, मान ताठ, जणू समोर कर्नलसाहेबच उभे आहेत.

ही ऐट आम्हाला चांगलीच भोवली. जुन्या व्हीलचेअरचं कापड झोळीसारखं खाली गेलेलं. वर छाती ताठ ठेवायच्या नादात खाली कंबर डावीकडं कलायची, सगळा भार एकाच हाडावर यायचा आणि ह्यांना पत्ताच नसायचा. जखम झाली. ती भरेपर्यंत पाच महिने पालथं पडून राहावं लागलं. मग मिरजेच्या दवाखान्यातल्या जरिना मॅडमनी बुडाखाली हात घालून हाडं चाचपली आणि बैठकच बदलली. खाली सपाट फळी, वर हवेची गादी, बगलेला आधार. मांड्या नीट टेकाव्यात म्हणून पाय ठेवायची पट्टी दोन बोटं खाली घेतली. वर बजावलं, "दर अर्ध्या तासानं छाती मांड्यांवर टेकवून दोन मिनिटं वाकायचंच. गादी कितीही चांगली असली तरी भार उतरायला हवा."

घरात हे वाकायचे. चारचौघांत मात्र, "लोकं म्हणतील, रडाय लागला," म्हणून ताठच. गेल्या महिन्यात आंघोळीच्या वेळी त्याच जागी लाल चट्टा दिसला. दोन दिवस निजवून ठेवलं, तेव्हा कुठं तो उतरला.

अशात गावानं भरती झालेल्या पोरांचा सत्कार ठेवला. प्रमुख पाहुणे आमचेच हे. व्यासपीठावर भगवा फेटा बांधला, हार घातला आणि भाषणं सुरू झाली.

अर्धा तास झाला. मी बायकांतून खूण केली. ह्यांनी बघून न बघितल्यासारखं केलं. पाऊण तास झाला. सरपंच जोतीरामअण्णा अजून पानिपतावरच होते. आता कळलं, अडलंय कुठं. वाकले तर फेटा गावासमोर खाली पडणार, आणि फेटा पडू देणारा माणूस हा नव्हे. मला राग आला आणि तितकीच भीतीही वाटली. पुन्हा पाच महिने पालथं पडलेलं मला बघवणार नव्हतं.

मी उठले ती सरळ व्यासपीठावर.

"आवं, फेटा द्या माझ्याकडं."

"जा गं खाली. गाव बघतंय," हे दातओठ खात पुटपुटले.

"बघू द्या. जखम झाली तर गाव येणार हाय व्हय मलमपट्टीला?"

मी दोन्ही हात पुढं धरले. ह्यांच्या डोक्यावरचा फेटा मी ओढून काढला नसता, तेवढी माझी छाती नव्हती. ह्यांनी एकदा माझ्या हातांकडं बघितलं. मग स्वतःच फेटा उतरवून माझ्या हातांत ठेवला आणि वाकले.

कुणी पाणी आणायला धावलं. अण्णांचं भाषण थांबलं.

"चक्कर न्हाई आली," मांड्यांवरून ह्यांचा आवाज आला. "दोन मिन्टं लागत्यात. बोला तुमी अण्णा."

अण्णा बोलले, चांगलं बोलले, आणि थांबेचनात. दोन मिनिटांनी ह्यांना फेटा परत देऊन मी खाली येऊन बसले होते. अर्धा तास होत आला तशी पुन्हा उठायला लागले, तर ह्यांनी आधीच फेटा उतरवला होता आणि भर सभेत माझ्याकडं हात लांब करून धरला होता.