गुरुदासचं गाऱ्हाणं

लठ्ठपणाविरुद्धच्या सरकारी मोहिमेत आरोग्यसेविका विनोदिनी घरोघर टेप घेऊन लोकांच्या कमरा मोजत फिरायची, म्हणून कोरगावच्या बायकांनी तिचं नाव शिंपीण पाडलं होतं. "माप घेतलंस, आता झगो कधी शिवतलंस?" असं विचारून त्या तिच्याच हातावर लाडू ठेवायच्या.

सबंध गावात तिचं ऐकलं ते एकट्या गुरुदासने. डिचोलीच्या खाणीवर तो ट्रक चालवायचा. खाण बंद पडली आणि हा ओट्यावर बसला तो बसलाच. वजन एकशे चौदावर गेलं. असंच चाललं तर हृदय दगा देईल, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. मग विनोदिनी हात धुऊन त्याच्या मागे लागली. पोदेराच्या पावाचे उंडे बंद, रोज धारगळच्या रस्त्यापर्यंत चालणं, आणि भाताचं दुसरं वाढप आलं की पानावर हात आडवा. आठ महिन्यांत सोळा किलो उतरले. काट्यावर हे दिसलं त्या दिवशी तिला आपल्या नोकरीचं सार्थक वाटलं.

पण गाव काट्यावर वजन करत नाही, डोळ्यांनी करतं. गुरुदासची गालफडं बसलेली दिसली आणि कुणी क्षय म्हणालं, कुणी करणी. हरमलहून त्याची बहीण सुशीला आली ती अंगणातूनच भावजयीवर ओरडत, "माझ्या भावाक उपाशी मारतंस गो?"

गुरुदासची बायको रुक्मिणी विनोदिनीकडे येऊन रडली. "बाय, तुझा खरा आसा, माका कळता. पण माका गावात तोंड दाखवूचा आसा." विनोदिनीने रक्ताचे रिपोर्ट पुढे केले. रुक्मिणीने ते बघितलेही नाहीत.

सोमवारी सगळ्यांनी मिळून देवळात गुरुदाससाठी देवाला गाऱ्हाणं घातलं. गुरवाने नारळ उचलला. "बा देवा म्हाराजा, ह्या लेकराच्या आंगाक झीज लागली आसा ती दूर कर. होतो तसो भरून काढ!"

"व्हय म्हाराजा!" सगळं गाव म्हणालं.

गाऱ्हाण्यात जो गप्प राहतो त्याच्या मनात पाप, असं इथे मानतात. सुशीला वळून विनोदिनीकडेच बघत होती. विनोदिनीची आठ महिन्यांची मेहनत हे लोक देवाकडून मोडून मागत होते, आणि तेही प्रेमापोटी. भांडायचं तरी कुणाशी?

"व्हय म्हाराजा," ती पुटपुटली.

मग पंगत बसली. सुशीलाने मुद्दाम भाताची परात विनोदिनीच्याच हातात दिली. पहिलं वाढप झालं. दुसऱ्यांदा ती गुरुदासपुढे वाकली, तेव्हा त्याने शिकवल्याप्रमाणे पानावर हात आडवा धरला आणि शाबासकीसाठी तिच्याकडे बघितलं. सगळी पंगत थांबली. रुक्मिणीने खांबाआडून हात जोडले.

"हात काढ, दादा," विनोदिनी म्हणाली, आणि तिने वाढलं.