डाव्या सीटचा ब्रेक

टॅक्सीचे दिवे लुकलुकायला लागले ते वडील गेल्याच्या चौथ्या दिवशी, गाडी पुन्हा बाहेर काढली तेव्हा. टॅक्सीवाल्याने त्याचा काही संबंध लावला नाही. माणूस गेल्यावर घरात बरंच काय काय बिघडतं. गीझर बिघडला होता, झोप बिघडली होती, त्यात दिवे. पण गीझरची कोणी तपासणी करत नाही, टॅक्सीची करतात. तपासणी केंद्रातल्या साहेबांनी दोनदा नापास केलं होतं. "समोरच्याला डोळे मारते तुमची गाडी," असं वर ऐकवलंही होतं. तिसरी आणि शेवटची खेप आज दुपारी चारला. आजही दिवे मिचकले की परवाना रद्द. आणि टॅक्सीवाल्याला टॅक्सी चालवण्यावाचून दुसरं काही येत नव्हतं. ते तरी येतं का, याबद्दल वडिलांना शेवटपर्यंत शंका होती.

त्याने बल्ब बदलले. दिवे लुकलुकले. बॅटरी बदलली. दिवे नव्या जोमाने लुकलुकले. एका मेकॅनिकने अल्टरनेटर बदलायला लावला, दुसऱ्याने रिले. तिसऱ्याने गाडीच बदला म्हणून सांगितलं. त्यातल्या त्यात तोच प्रामाणिक.

शेवटी आज सकाळी त्याने गाडी वायरिंगवाल्या मावशीच्या शेडमध्ये घातली. मावशी साठीची, चष्मा दोऱ्याने गळ्यात, जीभ मोकळी. तिने इंजिन चालू ठेवून गाडी भिंतीसमोर उभी केली. भिंतीवर प्रकाशाचे दोन गोल हिव भरल्यासारखे थरथरत होते.

"दोन्ही एकदम मिचकतायत. म्हणजे बल्ब बिचारे निर्दोष," ती म्हणाली. "नवराबायको एकाच दिवशी आजारी पडले की आधी घरातलं पाणी तपासावं."

"इथे पाणी म्हणजे काय?"

"अर्थची वायर. दिव्यात गेलेली वीज परत यायचा रस्ता. कुठेतरी पत्र्याला बोल्टने आवळलेली असते. तो बोल्ट सैल असणार."

"कुठे असतो तो?"

"बनवणाऱ्याला ठाऊक. आणि तो काही माझा फोन उचलत नाही."

बोल्ट शोधता शोधता अडीच वाजले. बॉनेटखालची वायर न् वायर मावशीने हलवून पाहिली. मग डॅशबोर्डखाली बघायला ती डाव्या सीटवर बसली, वाकली आणि तोल सावरायला तिने बाजूच्या प्लास्टिकच्या पट्टीवर पाय रोवला.

भिंतीवरचे गोल थांबले.

"मावशी, हलू नका!"

"का रे, पाल आहे?"

"दिवे थांबले!"

तिने पाय काढला, दिवे थरथरले. रोवला, थांबले. चार वेळा करून पाहिलं. मग पट्टीवरून हात फिरवला. तिथे बुटाच्या तळव्याएवढा खळगा पडला होता.

"इथे कोण बसायचं?"

"वडील."

"रोज?"

"आठ वर्षं."

वडिलांनी जन्मभर बस चालवली होती. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवसापासून ते मुलाच्या शेजारी येऊन बसले. गिऱ्हाईक मागे, एका भाड्यात दोन चालक. बसले की डावा पाय त्या पट्टीवर रोवायचे, तो घर येईपर्यंत काढायचे नाहीत. वळण आलं की "अरे, ब्रेक!" म्हणून आणखी दाबायचे. आणि हा दर वेळी म्हणायचा, "बाबा, तिकडे ब्रेक नाहीये." शेवटच्या दिवशीही हेच म्हणाला होता. त्यानंतर त्यांचं काही बोलणंच झालं नाही.

मावशीने पट्टी उघडली. मागे बोल्ट होता, चांगला सैल.

"जुनं दुखणं आहे," ती वायरचा रंग सांगावा तशी म्हणाली. "तुझे दिवे तुझ्या बापाने पायाने दाबून धरले होते."

टॅक्सीवाल्याने बोल्ट बोटाने हलवून पाहिला. मग म्हणाला, "असाच ठेवला तर?"

"मग चार वाजता तिथे पाय कोण लावणार? मी नाही येणार बाबा."

त्याने घरातले सगळे पाय मनात मोजले. सगळे कामाला गेलेले होते.

"आवळा," तो म्हणाला.

मावशीने पत्रा काचकागदाने घासून चकचकीत केला, दहा नंबरच्या पान्याने बोल्ट आवळला, वरून रंग लावला. "आता गाडी भंगारात गेली तरी हा हलायचा नाही," ती अभिमानाने म्हणाली. नवी पट्टी देत होती. त्याने जुनीच बसवून घेतली.

चार वाजता साहेबांनी दिवे लावले, इंजिन गुरगुरवलं, बॉनेटवर मूठ आपटली. "सुधारली की तुमची गाडी!" म्हणाले आणि शिक्का मारला. टॅक्सीवाल्याने आभार मानले. आवाज असा नापास झाल्यासारखा आला की साहेबांनी कागद परत एकदा तपासला.

येताना एक वळण त्याने मुद्दाम जोरात घेतलं. कोणी काही बोललं नाही.

इमारतीच्या तळघरात त्याने गाडी भिंतीसमोर लावली. इंजिन चालू, दिवे चालू. उतरून डाव्या सीटवर जाऊन बसला आणि पाय त्या खळग्यात ठेवला. वडिलांचा बूट दोन नंबर मोठा. पायाच्या चहूबाजूंनी जागा उरली. त्याने दाबलं. सोडलं. भिंतीवरचे गोल ढिम्म. पुन्हा दाबलं. गोलांना त्याचं काही देणंघेणं नव्हतं.

फोन वाजला. बायको होती.

"झाली का पास?"

"झाली."

"अगं बाई, सुटलो एकदाचे! गाडी येताना दिसली मला, मग खाली काय करतोयस? वर ये ना."

"येतो," तो म्हणाला. पाय मात्र तिथेच होता, दाबलेला.