डब्यावरची लाल पाटी

रविवारी भोजराज गजभियेंचं पुण्यानुमोदन, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतरचा विधी होता, आणि शनिवारची सकाळ उलटून गेली तरी विहारामागच्या खोलीतला एकही संगणक धड सुरू झालेला नव्हता.

साधनानं लॅपटॉप पुन्हा मांडीवर ओढला. ती त्यांची एकुलती एक मुलगी. नागपूरच्या एका कॉलेजात ती संगणकांची प्रयोगशाळा सांभाळायची, त्यामुळे अडून बसलेल्या यंत्रांशी तिचं रोजचंच भांडण. पण ही यंत्रं तिच्या बाबांची होती. मलाजखंडच्या खाणीत वीजविभागात त्यांची सगळी नोकरी गेली. तिकडच्याच एका ऑफिसातून लिलावात निघालेले हे संगणक त्यांनी टेम्पोत घालून बालाघाटला आणले होते. वॉर्डातल्या पोरींना एक अर्ज भरायला स्टँडजवळच्या दुकानात दुपार काढावी लागते, हे त्यांना खुपायचं. निवृत्तीनंतर त्यांनी ही खोली रंगवली, टेबलं ठोकून घेतली, भिंतीतून तारा ओढल्या. मग एक दिवस छातीत कळ आली म्हणून त्यांना गोंदियाला नेलं. जाताना राजेगावच्या नाक्यावर त्यांनी गाडी थांबवून चहा मागितला होता. परत येताना गाडी कुठंच थांबली नाही.

खोलीवर विहार समितीचा डोळा होता. त्यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. लग्नाकार्याची भांडी, गाद्या, खुर्च्या ओसरीत भिजत पडायच्या, त्यांना जागा हवी होती. समितीचे अध्यक्ष टिकाराम रामटेके हे बाबांचे खाणीतले जोडीदार. साधना आली त्याच दिवशी त्यांनी तिला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं. रविवारी सगळी मंडळी जमणार. त्यांना मशिनी चालताना दिसल्या तर कोणी तोंड उघडणार नाही. नाही चालल्या तर त्याच दिवशी ठराव होईल. भंगारवाला येऊन बघूनही गेला होता.

"मी एकटा कितीक दिवस आडवा पडू, बेटा," ते म्हणाले होते. "भोजराज असता तर गोष्ट अलग होती."

त्यावर साधना एवढंच म्हणाली, की रविवारी मशिनी चालतील.

आता ते खरं करून दाखवायचं होतं. संगणकांत जुनी, चोरीची, रडतखडत चालणारी प्रणाली होती. ती पुसून लिनक्स बसवायचं, हे बाबांच्याही मनात होतं. ते फुकट मिळतं, आणि जुन्या यंत्रांना झेपतं. पण सीडीचे ड्राइव्ह धुळीनं मेले होते आणि पेनड्राइव्हला ही यंत्रं दाद देत नव्हती. उरला एकच रस्ता, तारेवरून. साधनाच्या लॅपटॉपमध्ये लिनक्सची सगळी शिदोरी भरलेली होती. संगणक सुरू केला की तो आधी तारेवर हाक मारतो, कोणी आहे का, मला पत्ता द्या, आणि पुढं काय वाचू ते सांगा. लॅपटॉपनं ओ द्यायची, पत्ता द्यायचा, पहिली फाइल हातात ठेवायची. पुढचं सगळं आपोआप होतं. कॉलेजात तिनं अशा खोल्याच्या खोल्या उभ्या केल्या होत्या.

इथं मात्र काहीतरी भलतंच चाललं होतं. एखादा संगणक हाक मारायचा आणि फाइल मिळाली नाही म्हणून गप्प व्हायचा. शेजारचा व्यवस्थित सुरू व्हायचा, निळा पडदा यायचा, भाषा विचारायचा, आणि अर्ध्यावर जाऊन सांगायचा, की सामान जिथं ठेवलंय ती जागा सापडत नाही. दोन्ही बंद करून पुन्हा लावले की पहिला चालायचा आणि दुसरा रुसायचा. साधनानं तारा बदलल्या. लॅपटॉपची सेटिंगं ओळ न् ओळ तपासली. लॅपटॉपच्या आतली पहारा देणारी भिंत, फायरवॉल, पाडून पाहिली. कायमचं बिघडलेलं यंत्र परवडलं. कधी चालणारं आणि कधी न चालणारं यंत्र माणसाचा जीव खातं.

विहाराची झाडलोट करणाऱ्या रुख्माबाई दारातून डोकावल्या. त्यांनी चहा आणला होता. उद्याच्या खिरीला किती दूध सांगायचं, तेही त्यांना विचारायचं होतं. साधनाच्या तोंडाकडे बघून दुधाचा विषय त्यांनी गिळला.

"तुह्या बाबांचंबी असंच चालू होतं," त्या म्हणाल्या. "इथंच बसून राहत. जेवाले बलावलं तं म्हनत, येतो, एवढं पाहून घेतो."

साधनानं चहा घेतला. रडायला तिला वेळ नव्हता. गेले काही दिवस ती हेच स्वतःला सांगत आली होती आणि ते सोयीचं ठरलं होतं.

ती पुन्हा पडद्याकडे वळली. या खेपेला तिनं घाई केली नाही. अर्ध्यावर अडलेल्या संगणकाला मिळालेला पत्ता तिनं वाचला, आणि कप खाली ठेवला. तो पत्ता तिनं दिलेला नव्हता. तिनं ठरवलेले पत्ते दहापासून सुरू होत होते. हा एकशे ब्याण्णवपासून सुरू होत होता. म्हणजे संगणकाच्या हाकेला लॅपटॉप ओ देत होता, आणि दुसरंही कोणीतरी ओ देत होतं. जो आधी बोलेल त्याचं संगणक ऐकायचा. तो दुसरा जण नुसता पत्ता द्यायचा. फाइल त्याच्यापाशी नव्हतीच.

तिनं भिंतीकडे पाहिलं. सगळ्या तारा टेबलांमागून वर चढून एका भोकातून पलीकडच्या कोठीत शिरत होत्या. तिकडे बाबांनी लोखंडी डबा बसवला होता, खाणीत विजेच्या खटक्यांना असतो तसा, झाकणाचा. सगळ्या तारा त्यात एकत्र होतात, हे तिला माहीत होतं. पहिल्याच दिवशी तिनं तो उघडायचं म्हटलं होतं, तेव्हा रुख्माबाईंनी सांगितलं होतं, की भोजराजभाऊ बांधून गेलेत, त्याला कोणी हात लावत नाही. तारा जोडायचा साधा ठोकळा, स्विच, असेल आत, असं म्हणून तिनं तो विषय सोडून दिला होता. खरं तर सुटकाच वाटली होती तिला. बाबांच्या हातची गाठ सोडायची नव्हती तिला.

"मावशी, कोठीची किल्ली द्या."

रुख्माबाईंनी किल्ली दिली, पण त्या मागोमाग आल्या. कोठीत सतरंज्यांचा वास होता. डब्याचं झाकण तांब्याच्या तारेनं आवळलेलं, आणि तारेला पत्र्याची लाल पाटी लटकत होती. तिच्यावर हिंदीत रंगानं लिहिलेलं, काम चालू है, हाथ न लगाएँ. खाली बाबांच्या ठसठशीत अक्षरात, भोजराज. झाकणाच्या फटीतून हिरवा ठिपका लुकलुकत होता.

साधनानं तारेला हात घातला, तसा रुख्माबाईंनी तिचा हात मनगटापाशी धरला.

"नोको. थे म्हनले, मी येईपर्यंत कोनी हात लावाचा नाही. थे गेल्यापासून लाइट गेली तं मीच सोता इन्व्हर्टरवर टाकतो त्याले. एकबी दिवस बंद पडू नाही देल्लं."

त्यांच्या आवाजात हट्ट नव्हता, अभिमान होता. साधनाला एकदम सगळं उमगलं. आत नुसता साधा ठोकळा नव्हता. त्याच्या जोडीला बाबांचा जुना राउटर होता. तेही याच कामाला लागले होते, त्यांनी पत्ते वाटायला तो लावला होता आणि काम अर्धं टाकून गोंदियाला गेले होते. ते गेल्यापासून तो पत्ते वाटत बसला होता, आणि या बाईनं तो विझू दिला नव्हता.

दुसरीही वाट होती. बाजारातून नवा ठोकळा आणता आला असता, जमिनीवरून नव्या तारा टाकता आल्या असत्या. डबा तसाच राहिला असता. पण मग भिंतीतल्या बाबांच्या तारा कायमच्या मुक्या झाल्या असत्या. ते तिला नको होतं. तिनं टिकारामकाकांना फोन केला.

ते आले आणि त्यांनी चष्मा पुसून पाटी वाचली. मग त्यांनी साधनाला त्यांच्या विभागातली रीत सांगितली. खाणीत कोणी मशिनीत उतरला की खटक्यावर आपल्या नावाची पाटी लावायचा. ती पाटी ज्याची, त्यानंच काढायची. साहेब असो की मंत्री, दुसऱ्यानं हात लावायचा नाही, कारण पाटीच्या दुसऱ्या टोकाला माणसाचा जीव असतो. रुख्माबाईंनी मान हलवली. त्यांना हे भोजराजभाऊंनीच सांगितलं होतं.

"आणि तो माणूस पाटी काढायला आलाच नाही तर?" साधनानं विचारलं.

टिकारामकाकांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

"त्याचाबी कायदा आहे. कोनी पाटी इसरून घरी निंघून जाये. मंग शिफ्टवाल्यानं मशीनजवळ उभं राहून त्याच्या नावानं आवाज द्याचा. जोरानं. मंग थांबाचं. तो अंदर नाही, याची खातरी झाली, का मंग पाटी काढाची. आन आपली लावाची. काम आता आपल्या नावावर."

"मग द्या आवाज, काका."

त्यांनी डब्याकडे एक पाऊल टाकलं आणि मागे घेतलं. खांद्यावरच्या दुपट्ट्यानं त्यांनी चेहरा पुसला.

"माह्याच्यानं होत नाही. संगं उतरलो आम्ही. आन आता शिफ्ट तुही आहे."

साधना डब्यासमोर उभी राहिली. रुख्माबाई भिंतीला टेकल्या. नावानं हाक मारायची असते हे तिनं ऐकलं होतं, पण त्यांना नावानं हाक मारायची तिला सवय नव्हती.

"बाबा," ती म्हणाली.

"जोरानं," टिकारामकाका म्हणाले.

"बाबा!"

आवाज कोठीच्या पत्र्यावर आपटून परत आला. मग तिघंही थांबली. बाहेर कुणीतरी उद्याच्या मांडवाचे बांबू टाकत होतं. डब्यातला हिरवा ठिपका लुकलुकत राहिला. साधनानं पूर्ण थांबून घेतलं, नियमात बसेल तेवढं आणि त्याहून थोडं जास्त. सगळे हार घालत होते, फोटो लावत होते, पत्रिकेत नाव छापत होते, तेव्हा तिला जे पटलं नव्हतं, ते या कोठीत पटलं. आत कोणी नव्हतं.

तिनं तार उलगडली. पाटी काढून टिकारामकाकांच्या हातात दिली. त्यांनी ती उलटी केली. मागची बाजू कोरी होती. मांडवाच्या मजुराकडून खडू आणवून त्यांनी तिच्यावर साधना असं लिहिलं आणि पाटी पुन्हा झाकणाला अडकवली.

"हौ, आता कर."

डब्यात तारांची जुडी होती, नीट बांधलेली, प्रत्येक तारेला पांढऱ्या चिकटपट्टीवर आकडा. शेजारी राउटर, गरम. त्याच्याकडून ठोकळ्याकडे जाणारी एकच तार तिनं उपसली. बाकी सगळं जिथल्या तिथं राहू दिलं. रुख्माबाईंनी विचारलं, दिवा विझला का. साधनानं सांगितलं, की दिवा तसाच आहे, फक्त तो आता मधे बोलणार नाही.

खोलीत येऊन तिनं संगणक ओळीनं सुरू केले. पडद्यांवर हाक उमटली, आणि या खेपेला पत्ता दहापासून सुरू झाला. सगळ्यांचा. निळे पडदे आले. ती एकेकासमोर बसून भाषा, वेळ, नाव भरत गेली. टिकारामकाका खुर्ची ओढून दाराशी बसले आणि मांडव, खीर, लामत्याहून येणारे पाहुणे, असं जे जे कोणी विचारायला आलं, त्याला परस्पर वाटेला लावत राहिले. समितीतल्या एकानं आत डोकावून विचारलं, की मशिनी खरंच चालतील का, का नुसता फोटोपुरता देखावा आहे.

"भांड्यासाठी दुसरी जागा पाहा, भाऊ," काका म्हणाले. "इथं लडकीचं काम चालू आहे. पाटी लागली आहे."

अडचणी नंतरही आल्या. एका यंत्राची डिस्क मेलेली निघाली. ते तिनं बाजूला ठेवलं, बाकीच्यांना लागतील तसे सुटे भाग काढायला. एकाच्या पडद्यावर रंग नीट उमटेनात. या बिघाडांना कारण होतं, आणि कारण शोधलं की सापडत होतं. तिन्हीसांजेला विहारात वंदनेचे स्वर सुरू झाले तेव्हा शेवटचा पडदा उजळला आणि नाव विचारू लागला.

साधना उठून कोठीत गेली. तिच्या नावाची पाटी झाकणावर होती. काम संपलं होतं, म्हणून तिनं ती स्वतःच्या हातानं काढली, झाकण लावलं आणि किल्ली रुख्माबाईंच्या तळहातावर ठेवली.

"आता हात लावला तरी चालेल, मावशी," ती म्हणाली. "दूध किती सांगायचं ते बघू चला."