सूर्यापासून सहा मिनिटं

कुणी वेळ विचारली की ती सेकंदांसकट सांगायची, म्हणून कचेरीत तिचं नावच ‘सेकंद’ पडलं होतं. त्या दिवशी सकाळी तिने छातीठोकपणे सांगितलं, दोन अजस्र कृष्णविवरं एकमेकांत मिसळतानाची गुरुत्वीय लहर दुपारी दोन चौदाला येणार. अवकाशात लाखो किलोमीटर अंतराने तरंगणारी तीन यानं ती टिपणार होती. एका यानाचा अँटेना वळवायचं काम दोन वीसला ठरलेलं होतं. अँटेना वळताना यान थरथरतं आणि तेवढ्या वेळची नोंद मातीमोल होते. पण मध्ये सहा मिनिटं होती. सगळे निर्धास्त.

एक वाजता जेवताना तिचा घास हातातच राहिला. तिने पाठवलेली वेळ सूर्यापाशी मोजलेली होती! आकाशाच्या हिशेबात तीच धरतात, सवयीने तीच गेली होती. लहर आधी सूर्याला गाठणार आणि यानांपाशी सहा मिनिटांनी पोहोचणार. म्हणजे नेमकी दोन वीसला.

ती नियंत्रण कक्षात धावली. यानं सांभाळणाऱ्या प्रमुखांना सगळी इमारत मामा म्हणे.

“मामा, अँटेना अर्धा तास थांबवा.”

“सहा मिनिटं पुष्कळ झाली, असं सकाळी कोण म्हणालं होतं?”

“मीच. चुकले. आकडा बरोबर आहे, पण तो सूर्यापाशीचा. आपली यानं तिथे नाहीत.”

“बरं झालं सांगितलंस, मी तिथेच शोधत होतो.” मग मामा गंभीर झाले. “ठरलेलं काम पुढे ढकलायची सूट वर्षातून दोनदाच मिळते. आज वापरली आणि काही आलंच नाही तर?”

“तर पुन्हा मला दारात उभं करू नका. पण येणार.”

मामांनी पेन्सिल घेऊन तिची वजाबाकी स्वतः करून पाहिली. मग आज्ञा पाठवली.

दोन चौदा उलटून गेले. पडद्यावरची रेघ नुसतीच हेलकावत होती.

“तुझी पाहुणी काही आली नाही.”

“वाटेत आहे.”

यानांकडून संदेश यायला तीन मिनिटं लागतात. दोन तेवीसला रेघेचे हेलकावे दाट झाले, उंच झाले, एकदम उसळले आणि रेघ शांत झाली. कक्षात एकच गलका उठला. मामांनी मात्र आधी सूट मागायच्या अर्जात ‘वेळ’च्या पुढे एक नवा रकाना आखला : ‘कुठली?’

“पुढची कधी?” त्यांनी विचारलं.

“तीन आठवड्यांनी, मंगळवारी. मिनिट जवळ आल्यावर सांगेन.”

“आणि सेकंद?”

“तोही. यानांपाशीचा.”