अक्काचा पुदिना

अक्काच्या तेराव्याहून परतताना विजयाने थोरल्या बहिणीच्या त्या घरातून दुसरं काही मागितलं नाही. मोरीपाशी माजलेल्या पुदिन्याच्या तीन काड्या तेवढ्या खुडल्या आणि ओल्या फडक्यात गुंडाळून राजूरहून राहात्याला आणल्या. पुढच्याच आठवड्यात भाच्याने ती मोरी फोडून तिथे फरशी घातली. आता अक्काच्या हातचा पुदिना उरला होता तो फक्त विजयाच्या ओट्यावरच्या काचेच्या पेल्यात.

त्यातल्या दोन काड्या कुजल्या. तिसरीचं पाणीही गढूळ होऊ लागलं होतं.

शेजारच्या झुंबरबाई विरजण मागायला आल्या आणि पेल्यापाशी थबकल्या. "बाई, पुदिन्याला सलाईन लावलंय का काय?"

"मुळं फुटायची वाट बघतेय."

"बाजारात जुडी मिळती की. लई ताजी."

"ती अक्काची नसते."

झुंबरबाईंनी पेला उजेडाकडे फिरवला. मग वाकून बघत म्हणाल्या, "पन खालची पानं पाण्यात हायेत. यावरनंच तुमी शाळेत आमच्या करणचे मार्क कापले हुते."

"दोन," विजया म्हणाली. "आजही कापेन."

"मंग?"

विजयाने विरजणाची वाटी त्यांच्या हातात दिली.

पाण्यात बुडणारी पानं खुडायची, नाहीतर ती सडतात आणि देठालाही सडवतात, हे शाळेत वर्षानुवर्षं तिनेच शिकवलं होतं. कात्री घेऊन ती रोज पेल्यासमोर बसायचीही. पण ही पानं अक्का असताना फुटलेली, तिने भांडी विसळलेल्या पाण्यावर वाढलेली. यापुढे येईल ते प्रत्येक पान अक्का नसतानाचं. रोप तेच, जनुकं तीच, हे विजयाला कळत होतं. तरी कात्री परत खणात जायची.

त्या संध्याकाळी देठाचा तळ काळा पडलेला दिसला. वर बोटभर हिरवं उरलं होतं.

मग ती बसली नाही. उभ्याउभ्याच, वरच्या एका पेराखाली तिने देठ कापला. शेंड्याची चिमुकली दोन पानं ठेवून बाकीची खुडली, धुतली आणि चहाच्या आधणात टाकली. अक्का टाकायची तशी, साखरेच्याही आधी. घरभर राजूरचा वास पसरला. चहा तिने अगदी सावकाश प्यायला.

काही दिवसांनी, ताज्या पाण्यात ठेवलेल्या त्या शेंड्याला पेरापाशी पांढरं, केसासारखं मूळ दिसलं. शेंड्याला नवं पान उघडत होतं. वास तोच असणार, हे विजयाला ठाऊक होतं. तिने बोट जवळ नेलं. पण पान चोळून बघायचा धीर झाला नाही.